आत्यासाठी गणपती घाट: एका मार्करचित्राची जडणघडण

आत्याच्या पंचाहत्तरीला तिला वाईच्या गणपती घाटाचे चित्र काढून द्यायचे ठरवले, त्यामागे एक जुने कारण होते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला कृष्णेचा महापूर आला. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आत्याच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात जपून ठेवलेले तिचे माहेरचे फोटो चिखलात गेले. भांडीकुंडी, गाद्या, धान्य हे सगळे हळूहळू पुन्हा जमा झाले. फोटो मात्र गेले ते गेलेच, कारण त्यांच्या दुसऱ्या प्रती घराण्यात कोणाकडेच नव्हत्या. तिचे बालपण वाईच्या गणपती आळीत गेले. घाट अजून जागेवर आहे, देऊळ जागेवर आहे आणि आत्याची स्मरणशक्ती शाबूत आहे, तेव्हा या तिन्हींच्या आधाराने एक चित्र उभे करता येईल, असे मला मनापासून वाटले.

जलरंग सोडून मार्कर का घेतले, हे आधी सांगितले पाहिजे. आत्याला आता फिकट छटांमधला फरक चटकन ओळखू येत नाही. वर्तमानपत्रातले ठळक मथळे ती सहज वाचते, पण धुकट छपाई तिला त्रास देते. तिच्यासाठी काढायच्या चित्रात उजेड आणि सावली यांच्या सीमा स्पष्ट असायला हव्या होत्या. मार्करची शाई पारदर्शक असते, एकावर एक थर दिले की छटा टप्प्याटप्प्याने गडद होत जाते आणि प्रत्येक टप्प्याची कड स्वच्छ राहते. काळ्या पाषाणाचा घाट, त्याच्या पायऱ्यांच्या धारा आणि खाली पाणी, या विषयाला हे साधन अगदी योग्य होते. रंगीत मार्करांचा मोह मी टाळला आणि संपूर्ण चित्र करड्या छटांमध्येच करायचे ठरवले. जुन्या, कृष्णधवल फोटोंच्या जागी येणाऱ्या चित्राला तेच शोभले असते.

साताऱ्याहून पाचवडमार्गे वाई साधारण पस्तीस किलोमीटर. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, नदीचे पाणी उतरलेले असताना, मी सकाळीच तिथे गेले, कारण तिरप्या उन्हात पायरीचा माथा आणि तिची उभी बाजू यांच्यातला फरक जसा दिसतो तसा तो दुपारी दिसत नाही. पलीकडच्या काठावरून संपूर्ण देऊळ, त्याचे शिखर आणि पाण्यापर्यंत उतरलेला घाट एका नजरेत मावतो. हे ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. आतली भव्य मूर्ती एकाच दगडातून घडवलेली आहे आणि तिच्या आकारमानावरूनच देवाला ‘ढोल्या’ हे लाडाचे नाव मिळाले. माझ्या चित्रात मूर्ती येणार नव्हती. मला ओढ होती ती देवळाच्या मागच्या भिंतीची. पुराचे पाणी थेट आदळू नये, दोन बाजूंना दुभंगून निघून जावे, म्हणून ही भिंत माशाच्या आकाराची, दोन्ही अंगांनी वळत येऊन निमुळती होणारी अशी बांधली आहे. ज्या नदीने सांगलीत आत्याच्या घरात शिरून फोटो नेले, त्याच नदीच्या पुराचा विचार वरच्या अंगाला अडीचशे वर्षांपूर्वी कोणीतरी दगडात इतक्या शहाणपणाने केला होता. चित्राचा केंद्रबिंदू ही भिंतच असणार, हे मी तिथे उभी असतानाच निश्चित केले.

फोटो भरपूर काढले, पण त्यांच्या भरवशावर राहिले नाही. मोबाइलचा कॅमेरा सावल्या उजळून दाखवतो आणि कडेच्या उभ्या रेषा कलत्या करतो. म्हणून वहीत पेन्सिलीने छोटी टिपणे केली: शिखराची उंची घाटाच्या उंचीच्या मानाने किती, भिंतीवर ऊन कुठे संपते, पाण्यातल्या प्रतिबिंबाचा गडदपणा प्रत्यक्ष दगडाच्या तुलनेत कसा आहे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांसाठी हात लांब करून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायला शिकवले होते. ते शिक्षण इतक्या वर्षांनी मोठ्या उपयोगाला आले.

दगडांची मापे घाटावर मिळाली, पण तिथले जुने जगणे आत्याकडूनच मिळणार होते. तिला सुगावा लागू न देता मी फोनवर इकडच्या तिकडच्या गोष्टींतून विषय काढत राहिले.

“आत्या, तू पोहायला कुठे शिकलीस गं?”

“घाटावरच की. पाठीला भोपळा बांधायचा आणि दादानं ढकलायचं. रडत रडत शिकले. आई तेवढ्यात कळशी पायरीवर ठेवून दर्शनाला जाऊन यायची.”

“कुठल्या पायरीवर?”

“पाण्यापासून वर तिसऱ्या. खाली ठेवली तर लाटेनं कलंडते ना.”

असे बोलणे थोड्याथोड्या दिवसांनी होत गेले आणि त्यातून पायऱ्यांवर वाळत घातलेली नऊवारी लुगडी, भिंतीच्या कंगोऱ्यावर बसणारी कबुतरे, कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवातला मांडव, अशी सामग्री जमत गेली. उत्सव वाईत प्रत्येक घाटावर वेगवेगळ्या दिवसांत होतो आणि आत्याला त्याचे अपार कौतुक आहे. तरी मांडव चित्रात घ्यायचा नाही असे मी ठरवले, कारण त्याने घाटाच्या पायऱ्या झाकल्या गेल्या असत्या. कळशी, भोपळा, लुगडी आणि कबुतरे मात्र घ्यायचीच होती. भेट म्हणून काढलेल्या चित्रात कोणता तपशील ठेवायचा आणि कोणता गाळायचा, याचा निर्णय भेट स्वीकारणाऱ्याच्या आठवणींवर सोपवावा, या मताची मी आहे. बारीक काम करण्याचा उत्साह चित्रकाराला असतो, पण पाहणाऱ्याची नजर आधी ओळखीच्या वस्तूकडेच जाते.

कागदाची निवड मार्करच्या कामात निम्मे यश ठरवते. मार्करमध्ये रंगद्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असते. टोक तंतूंचे असते आणि त्या तंतूंमधल्या सूक्ष्म फटींतून शाई आपोआप पुढे ओढली जाते. कागद टेकताच तो शाई शोषू लागतो. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा कागद इतका शोषक असतो की रेषेच्या दोन्ही बाजूंनी शाई पसरते आणि पायरीची धार राहत नाही. जलरंगाच्या खडबडीत कागदावर टोके झिजतात आणि शाई उगाच संपते. मी २५० जीएसएम (दर चौरस मीटरला २५० ग्रॅम) वजनाचा, गुळगुळीत ब्रिस्टल कागद ए-३ आकारात घेतला. त्याच कागदाच्या एका पट्टीवर माझ्याकडच्या सर्व करड्या छटांचे नमुने रंगवून त्यांच्याखाली क्रमांक लिहिले. मार्करच्या टोपणावरचा रंग आणि कागदावर वाळलेला रंग यांत बराच फरक असतो, शिवाय ओली शाई अधिक गडद दिसते, म्हणून नमुने पूर्ण वाळल्यावरच त्यांच्याकडे पाहून निर्णय घ्यावा.

करड्या रंगाचेही प्रकार असतात. जपानमध्ये १९८७ साली बाजारात आलेल्या कॉपिक मार्करांनी रूढ केलेल्या पद्धतीत डब्ल्यू या अक्षराने उबदार, म्हणजे किंचित तपकिरीकडे झुकणारा करडा, तर सी या अक्षराने थंड, निळसर करडा दाखवला जातो आणि पुढचा आकडा वाढेल तशी छटा गडद होते. देऊळ, शिखर आणि उन्हातल्या पायऱ्या यांसाठी मी उबदार मालिका ठेवली. पाणी आणि सावलीतला दगड यांसाठी थंड. रंग न वापरताही ऊन आणि गारवा यांचा भेद या दोन मालिकांमुळे चित्रात येतो.

मूळ कागदाला हात लावण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर केवळ तीन छटांत, म्हणजे पांढरा, मध्यम आणि गडद, संपूर्ण रचनेचे छोटे आराखडे केले. एका आराखड्यात आभाळ भरलेले होते, दुसऱ्यात कोरे. कोऱ्या आभाळावर शिखर जास्त उठून दिसले आणि आत्याच्या नजरेसाठीही तेच सोयीचे होते, म्हणून आभाळाला शेवटपर्यंत शाई लागली नाही.

पेन्सिलीचे मूळ रेखाटन मी साध्या कागदावर केले. घाटाच्या पायऱ्या हा या रेखाटनाचा सर्वांत कष्टाचा भाग. क्षितिजरेषा, म्हणजे डोळ्यांच्या पातळीची रेषा, ठरवून, पायऱ्यांच्या समांतर कडा ज्या बिंदूकडे धावतात तो बिंदू कागदाबाहेर टेबलावर चिकटपट्टीने पक्का करून, लांब पट्टीने एकेक कड आखली. पायऱ्या वर जाताना त्यांच्यातले अंतर डोळ्यांना कमी होत जाते आणि क्षितिजरेषेच्या वरच्या पायऱ्यांचे माथे दिसेनासे होतात. हे लक्षात घेतले नाही तर घाट उतरता न दिसता उभ्या भिंतीसारखा दिसतो. माशाच्या आकाराच्या भिंतीला पट्टीचा उपयोग नव्हता. तिच्या दगडांचे थर वळणाबरोबर किंचित कमान घेतात, आणि ती कमान क्षितिजरेषेच्या वर एका दिशेने व खाली उलट दिशेने झुकते. तो भाग हाताने, पुन्हा पुन्हा खोडून, समाधान होईपर्यंत काढत राहिले. रेखाटन पुरे झाल्यावर खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद चिकटवून ते ब्रिस्टलवर फिक्या, कडक पेन्सिलीने उतरवून घेतले. मूळ कागदावर खाडाखोड झाली की त्याचा पृष्ठभाग दुखावतो आणि त्या जागी शाई जास्त मुरते. शिवाय पेन्सिलीची पूड मार्करच्या टोकाला लागून फिका रंग मळतो. त्यामुळे उतरवलेली रेषाही मऊ खोडरबराने टिपून जेमतेम दिसेल इतकी फिकी केली.

यानंतर ०.०५ जाडीच्या फाइनलायनरने, म्हणजे बारीक टोकाच्या शाईच्या पेनाने, मुख्य कडा ओढल्या. पेनाची शाई पाण्यात न विरघळणारी असली तरी ती अल्कोहोललाही दाद देत नाही ना, हे नमुन्याच्या पट्टीवर आधी पाहून घेतले आणि रेषा पूर्ण वाळू दिल्या. ठळक रेषा या टप्प्यावर ओढायच्या नसतात. छटा भरून झाल्यावर कुठली कड रेषेवाचूनच उठून दिसते, हे आपोआप कळते आणि तिथे रेषा द्यावीच लागत नाही.

मार्करचे काम फिक्याकडून गडदाकडे चालते, कारण एकदा गडद झालेला कागद पुन्हा उजळत नाही. पांढरे ठेवायचे ते आधीच ठरवून राखावे लागते. खाली जाड कागद घेऊन, कारण शाई मागे झिरपते, मी प्रथम सर्वांत फिक्या उबदार करड्याने उन्हातले सगळे दगड भरले. पायऱ्यांचे माथे जवळजवळ कोरे राहू दिले. मोठा सपाट भाग भरताना पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिला जोडावा लागतो. कड वाळली की जोडाची गडद रेघ उमटते. त्यामुळे भिंतीचा एक पूर्ण भाग संपेपर्यंत मी फोन बाजूला ठेवत असे आणि दारही उघडत नसे.

माशाच्या आकाराच्या भिंतीला सर्वांत जास्त वेळ दिला आणि त्याचे मला समाधान आहे. तिच्या एका अंगावर पूर्ण ऊन, निमुळत्या टोकापाशी मध्यम छटा आणि वळून गेलेल्या दुसऱ्या अंगावर गडद सावली, असा क्रम होता. पण दोन छटांच्या मधे कुठेही कड दिसता कामा नये, नाहीतर वळण जाऊन कोपरा झाला असता. यासाठी फिकी छटा ओली असतानाच तिच्यावर त्यापुढची छटा मार्करच्या ब्रशसारख्या टोकाने झटक्याने ओढून सोडायची, म्हणजे फराटा शेवटी आपोआप विरत जातो, आणि मग पुन्हा फिक्या मार्करने सांधा मऊ करायचा. असे दोन-तीन थर होईपर्यंत कागद साथ देतो. त्यापुढे तो शाईने तृप्त होतो, छटा गडद होण्याऐवजी शाई बाजूला पसरू लागते. तेव्हा थांबून कागद पूर्ण वाळू द्यावा. वाळलेल्या भिंतीवर दगडाचा खरखरीतपणा आणण्यासाठी जुन्या सुती साडीचा तुकडा बिनरंगी मार्करच्या शाईत भिजवून हलकेच टेकवला. बिनरंगी शाई म्हणजे निव्वळ द्रावण. ते खालचा रंग थोडा बाजूला ढकलते आणि कापडाच्या विणीचे अनियमित फिके ठिपके उमटतात. बेसाल्टच्या जुन्या, पावसाने झिजलेल्या पृष्ठभागाशी या ठिपक्यांचे साम्य विलक्षण जुळले.

पायऱ्यांचा प्रत्येक सांधा काढायचा नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवले होते. जवळच्या चार-पाच पायऱ्यांवर सांधे, तडे आणि शेवाळ्याचे डाग काढले, त्यामागे नुसत्या उभ्या बाजूंच्या छटा ठेवल्या आणि देवळाच्या पायथ्याशी पुन्हा तपशील वाढवला. नजर पाण्यापासून उडी घेऊन भिंतीकडे जावी, यासाठी मधला भाग शांत ठेवणे आवश्यक होते. वाळत घातलेली लुगडी याच शांत भागात घेतली. त्यांच्या काठांची एक रेघ आणि दोन सुरकुत्या एवढ्याने काम झाले. पाण्यापासून वर तिसऱ्या पायरीवर कळशी ठेवली. ती अंगठ्याच्या नखाहून लहान असली तरी तिच्या पोटावरची चमक कोरी राखली आणि सावलीची बाजू चित्रातल्या सर्वांत गडद छटेने भरली. त्यामुळे ती लहान असूनही दुरून दिसते. तिच्या शेजारी दोरीसकट भोपळा टेकवला.

प्रतिबिंबाचा नियम साधा आहे, पण तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही: उजळ वस्तू पाण्यात किंचित गडद दिसते आणि गडद वस्तू किंचित फिकी. थंड करड्याने मी देवळाचे प्रतिबिंब आधी उभ्या फराट्यांनी खाली ओढले आणि मग ते आडव्या, वाकड्यातिकड्या, कोऱ्या पट्ट्यांनी तोडले. काठाजवळ या पट्ट्या बारीक आणि दाट, आपल्याकडे येताना रुंद आणि विरळ होत जातात. कृष्णा वाईत उन्हाळ्यात संथ असते, म्हणून लाटा जास्त दाखवल्या नाहीत.

सर्व छटा वाळल्यावर ०.१, ०.३ आणि ०.५ जाडीच्या पेनांनी शेवटच्या रेषा दिल्या: जवळच्या पायऱ्यांना जाड, दूरच्या शिखराला बारीक, आणि जिथे ऊन आहे तिथे रेषा मधूनच तोडलेली. कबुतरे याच टप्प्यावर आली. पांढऱ्या जेल पेनाचे ठिपके फक्त पाण्यावर आणि कळशीच्या काठावर दिले. तो पेन सर्वत्र फिरवला की राखून ठेवलेल्या कोऱ्या कागदाचे तेज कमी होते.

मार्करची शाई उजेडाला टिकाऊ नसते. तिच्यातले रंगद्रव्य उन्हात काही काळाने फिके पडते, म्हणून चित्र चौकटीत जाण्याआधी चांगल्या प्रतीचे स्कॅन करून ठेवले आणि त्याच्या प्रती तीन चुलत भावंडांकडे दिल्या. एकच प्रत असली की काय होते, ते आमच्या घराण्याने २०१९ मध्ये पाहिले आहे. चौकट करणाऱ्या कारागिराला आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार) लावायला सांगितले, म्हणजे कागद पिवळा पडत नाही आणि काच थेट चित्राला टेकत नाही. काचेऐवजी अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक बसवले. सांगलीपर्यंतच्या प्रवासात ते फुटण्याची भीतीही राहिली नाही.

आत्याने चित्र हातात घेतले तेव्हा सर्वांना वाटले, ती आधी देवळाचे नाव घेईल. तिने चष्मा वर सरकवला, चौकट जवळ आणली आणि कळशीवर बोट ठेवून म्हणाली, “ही आईची. आणि भोपळा बघ, दोरीला दोन गाठी असायच्या, एक नाही.” नंतर पाण्याकडून वर पायऱ्या मोजत ती भिंतीपर्यंत गेली आणि लहानपणी पुराचे पाणी त्या भिंतीपाशी कसे दुभंगून जायचे, ते तिने नातवंडांना हातांनी करून दाखवले. चित्र आता वरच्या मजल्यावर, खिडकीच्या समोर न येणाऱ्या भिंतीवर लावले आहे. जागा तिनेच निवडली.

वडिलांनी आता शेजारच्या काशीविश्वेश्वराचे चित्र मागितले आहे. ते मंदिर आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये बांधले आणि त्याच्यासमोरचा काळ्या दगडाचा नंदी इतका गुळगुळीत घासलेला आहे की त्याच्या अंगावर आजूबाजूचा उजेड उमटतो. तिथे कापडाचे ठिपके चालणार नाहीत. छटा मऊ सांधून मधेच तीव्र कडेची कोरी चमक राखावी लागेल आणि सर्वांत गडद छटा त्या चमकेला अगदी लागून बसवावी लागेल. नमुन्याची पट्टी करायला घेतली आहे.